जोड बघून लावावी

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत आठवीच्या मुली बाकावर कोपर टेकवून पंजा लढवत होत्या. त्यांच्यात एक मुलगी वयाच्या मानाने थोराड. उंचीने माझ्या बरोबरीची, हाडापेराने मजबूत. तिच्यासमोर जी बसेल तिचा हात दोन सेकंदांत बाकाला टेकायचा. पहिल्या चार-पाच वेळा हसू झालं, टाळ्या झाल्या. मग एकीने म्हटलं, "हिच्याशी कोण खेळणार? ही तर ट्रक आहे." सगळ्या पांगल्या. जिंकलेली मुलगी एकटीच बाकावर बसून राहिली.

आठवड्याभराने तिची अम्मी मला भेटायला आली. तिचे अब्बू आमच्या लकडगंजातच एका आरा मशीनवर कामाला आहेत. लेकीने मोबाईलवर नागपूरच्याच अल्फिया पठाणचा सामना पाहिला होता आणि तेव्हापासून एकच धोशा लावला होता, मला बॉक्सिंग शिकायचंय. अम्मीने मला दोन प्रश्न विचारले. पहिला सगळ्याच आया विचारतील असा: "मॅडम, हिला कोणी जोरात मारलं तर?" दुसरा प्रश्न तिने जरा थांबून, आवाज खाली आणून विचारला: "आणि हिनं कोणाला मारलं तर?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रशिक्षक देतील, डॉक्टर देतील. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला बरंच वाचायला लावलं. मी उर्दू आणि मराठी शिकवते, खेळाची जाणकार नाही. पण जे समजलं ते वाचकांपुढे ठेवते, कारण हा प्रश्न फक्त बॉक्सिंगचा नाही.

वर उघडा असलेला गट

आमच्या भागात लाकडाने भरलेला ट्रक आधी धर्मकाट्यावर चढतो. वजन कळल्याशिवाय पुढचा व्यवहार नाही. मुष्टियुद्धाचंही तेच आहे. खेळाडू आधी काट्यावर उभा राहतो आणि मगच त्याची जोड ठरते. पन्नास किलोच्या मुलीसमोर पन्नास किलोचीच मुलगी. या एका नियमामुळे मारामारीचा खेळ होतो.

पण या नियमाला एक दार उघडं आहे. सर्वांत वरच्या गटाला, म्हणजे हेवीवेट गटाला, खालची मर्यादा असते, वरची नसते. महिलांच्या ८१ किलोवरील गटात ८२ किलोची मुलगी उतरू शकते आणि ११० किलोचीही. दोघींची गाठ पडली तर नियम मोडला असं कोणी म्हणणार नाही. म्हणून मुष्टियुद्धाच्या इतिहासात विजोड लढती शोधायला गेलं की त्यातल्या पुष्कळशा हेवीवेट गटातच सापडतात.

४ जुलै १९१९ रोजी अमेरिकेतील टोलेडो शहरात जेस विलर्ड आणि जॅक डेम्प्सी यांची लढत झाली. विलर्ड जगज्जेता, साडेसहा फूट उंच आणि सुमारे १११ किलो वजनाचा. डेम्प्सी जेमतेम ८५ किलोचा. काट्यावर पाहिलं तर लढत विलर्डच्या बाजूने एकतर्फी व्हायला हवी होती. झाली मात्र उलट. पहिल्याच फेरीत विलर्ड सात वेळा खाली पडला आणि चौथ्या फेरीसाठी तो उठलाच नाही. त्या काळी पडलेल्या माणसापासून दूर जाण्याचं बंधन नव्हतं. डेम्प्सी त्याच्या शेजारीच उभा राहायचा आणि तो गुडघ्यावरून उठू लागला की पुन्हा मारायचा. पुढे नियम झाला, की समोरचा पडला तर मारणाऱ्याने लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं आणि तोवर पंचाने आकडे मोजायचे नाहीत. १९२७ मध्ये जीन टनीशी लढताना हाच नियम डेम्प्सीला महागात पडला. टनी पडल्यावर तो कोपऱ्यात जायला उशीर करत राहिला, मोजणी उशिरा सुरू झाली, टनीला सावरायला वेळ मिळाला आणि लढत टनीने जिंकली.

२२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कमध्ये जो लुईने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला १२४ सेकंदांत हरवलं. दोनच वर्षांपूर्वी याच श्मेलिंगने लुईला बाराव्या फेरीत लोळवलं होतं. २७ जून १९८८ रोजी माइक टायसनने मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं. त्यानंतर टायसनसमोर कोणीही उभं केलं तरी लोक 'विजोड' म्हणू लागले. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लस त्याच्यासमोर आला, तेव्हा सट्टेबाजांचा भाव एकास बेचाळीस होता. दहाव्या फेरीत टायसन रिंगणात रांगत आपली दातांची पट्टी शोधत होता.

म्हणजे काटा सगळं सांगत नाही. विजोडपणा वजनात असतो तसा वयात, अनुभवात आणि त्या दिवशीच्या प्रकृतीतही असतो.

आपल्याकडच्या कुस्तीला हे जुनं ठाऊक आहे. जत्रेत किंवा उरुसात कुस्त्या लागतात तेव्हा तिथे वजनाचा काटा नसतो. जुनी जाणती माणसं पोरांचे हात, मान, मांड्या बघतात, कुठल्या तालमीचा, किती वर्षं माती अंगाला लावली ते विचारतात आणि मग जोड लावतात. चांगली जुळली तर लोक तिला 'काटाजोड' म्हणतात. जुळली नाही तर दोष पडणाऱ्या पोराला देत नाहीत, जोड लावणाऱ्याला देतात. मला ही फार शहाणपणाची रीत वाटते. एकतर्फी लढत झाली की आपण हरणाऱ्याला हसतो आणि जिंकणाऱ्याचा जयजयकार करतो. खरं तर विचारायला हवं, की ही जोड लावली कोणी आणि वेळेवर थांबवली का नाही?

एक माणूस, एक वर्ष, दोन लढती

याचं उत्तर मला मुहम्मद अलीच्या आयुष्यातल्या एका वर्षात सापडलं. ते वर्ष १९८०.

जानेवारी १९८० मध्ये अली दिल्लीत आला होता. तीनदा जगज्जेता झालेला, निवृत्ती जाहीर केलेला, अडतीस वर्षांचा अली. त्याच्यासमोर चार फेऱ्यांच्या प्रदर्शनीय लढतीसाठी उभा राहिला पंजाबचा फौजी कौर सिंग. कौर सिंग आपल्याकडचा मोठा खेळाडू. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्याने हेवीवेटचं सुवर्णपदक जिंकलं, पुढे त्याला पद्मश्री मिळाली. पण अलीसमोर त्या दिवशी ती जोड विजोडच होती. एका बाजूला लिस्टन, फ्रेझर, फोरमन यांना हरवलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला हौशी स्पर्धांत लढणारा शिपाई. तरी त्या लढतीत कोणाची अब्रू गेली नाही. प्रदर्शनीय लढतीत बलवान खेळाडू आपली ताकद राखून वापरतो. कौर सिंगसाठी तो दिवस जन्मभर सांगण्यासारखा ठरला. बलवानाने हात राखला की विजोड जोडही सन्मानाची होते.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, लास वेगासमध्ये, अली पुन्हा खऱ्या लढतीसाठी उतरला. समोर होता तीस वर्षांचा जगज्जेता लॅरी होम्स. एके काळी हाच होम्स अलीच्या सरावात त्याच्यासमोर उभा राहून मार खायचा आणि शिकायचा. अलीने वजन भराभर उतरवलं होतं, केस काळे केले होते. दिसायला तो पुन्हा जुना अली वाटत होता. सामन्याआधी मेयो क्लिनिकमध्ये त्याची तपासणी झाली आणि त्याच्या बोलण्यात-हालचालीत मंदपणा असल्याची नोंदही झाली होती. तरी परवाना मिळाला, कारण ही लढत अनेकांना हवी होती. पैसा मोठा होता, नाव मोठं होतं.

लढत अशी झालीच नाही. अली उभा राहिला आणि मार घेत राहिला. एकाही पंचाने त्याला एकही फेरी दिली नाही. होम्स अधूनमधून रेफ्रीकडे बघत होता, आता तरी थांबवा म्हणून. जिंकणारा माणूस थांबवण्याची वाट पाहतोय आणि ज्यांनी थांबवायचं ते बघत बसलेत! दहावी फेरी संपली. अलीच्या कोपऱ्यातला एक साथीदार आणखी एक फेरी मागत होता. पण मुख्य प्रशिक्षक अँजेलो डंडी ठाम राहिला. कोपऱ्याचा प्रमुख मी आहे, आता बस, असं त्याने रेफ्रीला सांगितलं. लढत थांबली. अलीच्या अख्ख्या कारकिर्दीत तो मुदतीआधी हरला अशी ही एकच लढत. जिंकलेला होम्स त्या रात्री रडला.

चार वर्षांनी अलीला पार्किन्सनची लक्षणं असल्याचं निदान झालं. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत पेटवताना त्याचा थरथरता हात साऱ्या जगाने पाहिला.

माझ्या शाळेतल्या मुलीच्या अम्मीचा दुसरा प्रश्न होम्सच्या रडण्याशी जाऊन मिळतो. विजोड लढतीत मारणारादेखील जखमी होतो. ज्याचं मन जिवंत आहे, त्याला असं जिंकणं पचत नाही.

दीनचं म्हणणं

वाचकांपैकी अनेकांच्या मनात एव्हाना आलं असेल, की मुष्टियुद्ध जायज तरी आहे का? हा प्रश्न टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. चेहऱ्यावर मारू नये, अशी ताकीद सहीह हदीसांत आहे. मक्केतील इस्लामी फिकह परिषदेने १९८७ मध्ये, एकमेकांच्या शरीराला गंभीर इजा करण्यावर उभा असलेला खेळ म्हणून मुष्टियुद्ध नाजायज ठरवलं. मी आलिम नाही. ज्यांना या बाबतीत निर्णय घ्यायचा आहे त्यांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावं. एवढं मात्र सांगते, की धावणं, दोरीवरच्या उड्या, थैलीवरचा सराव, श्वासावरचा ताबा हे सगळं शिकायला कोणाच्या चेहऱ्यावर ठोसा मारावा लागत नाही. शिकणं वेगळं आणि स्पर्धेत उतरणं वेगळं. दुसरा निर्णय नंतरही घेता येतो.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेली आणखी एक हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सांगण्याचा आशय असा, की दुसऱ्याला चीत करतो तो बलवान नव्हे, रागाच्या वेळी जो स्वतःला आवरतो तो खरा बलवान. इथे ताकदीची निंदा नाही. ताकद मोजायची कशी, ते सांगितलं आहे. ताकद नसलेल्या माणसाने हात आवरला तर त्यात विशेष काय? ज्याच्या हातात ताकद आहे त्याने आवरला, तर ती कमाई. म्हणून थोराड मुलीला 'तू हळू हो, लहान हो' असं शिकवण्यात अर्थ नाही. तुझ्या ताकदीची लगाम तुझ्याच हातात आहे, हे तिला शिकवायला हवं.

पाच-शून्य म्हणजे काय?

आता अल्फियाकडे येऊ. अल्फिया पठाण नागपूरची. वडील अकरम खान पोलीस दलात. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात प्रशिक्षक गणेश पुरोहित यांच्या हाताखाली ती घडली. २०१९ मध्ये फुजैरा इथल्या आशियाई ज्युनिअर स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवलं. एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधील किएल्से शहरात युवा जागतिक स्पर्धा झाली. ते दिवस आठवा. रमजान सुरू होता आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नागपूरकर ऑक्सिजनसाठी, खाटेसाठी दारोदार फिरत होते. त्या काळोख्या दिवसांत बातमी आली, की ८१ किलोवरील गटात आपल्या अल्फियाने मोल्दोवाच्या दारिया कोझोरेझला ५-० ने हरवून सुवर्ण जिंकलं. त्या स्पर्धेत भारताच्या मुलींनी सात सुवर्णपदकं पटकावली, त्यातलं एक आपल्या शहराचं.

वर्तमानपत्रात '५-०' वाचलं की आपल्याला वाटतं, लढत अगदीच एकतर्फी झाली असणार. फुटबॉलमध्ये पाच-शून्य म्हणजे धुव्वा. इथे तसं नसतं. रिंगणाभोवती पाच पंच बसतात. प्रत्येक पंच तीन फेऱ्यांचे गुण स्वतंत्रपणे देतो आणि शेवटी आपला एक विजेता ठरवतो. पाचही पंचांचा विजेता तोच असेल तर निकाल ५-०. पण प्रत्येकाच्या कागदावर फरक एकाच गुणाचा असू शकतो, २९ विरुद्ध २८. निकाल एकमताचा, लढत मात्र काटाजोड. निजामाबादच्या निखत झरीनने २०२२ मध्ये इस्तंबूलला ५-० नेच जागतिक अजिंक्यपद मिळवलं आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चीनच्या वू यूकडून ती ५-० नेच हरली. म्हणून आपल्या मुलांचा निकाल वाचतानाही नुसता आकडा वाचू नये. वर्गात नापास झालेला मुलगा एका गुणाने पडला की तीस गुणांनी, हे विचारावं.

जुलै २०२२ मध्ये कझाकस्तानात एलोर्दा चषकाच्या अंतिम फेरीत अल्फियासमोर लज्जत कुंगेइबायेवा होती, २०१६ ची जगज्जेती, तीही तिच्याच देशात. अनुभवाच्या काट्यावर ती जोड अल्फियाच्या विरुद्ध विजोड होती. अल्फिया ५-० ने जिंकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अम्मानला आशियाई स्पर्धेत प्रतिस्पर्धी अपात्र ठरली आणि अल्फियाला सुवर्ण मिळालं.

एवढं सगळं मिळवलेल्या मुलीची सर्वांत विजोड लढत मात्र रिंगणात झालीच नाही. ती काट्याशी आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांसाठी सात वजनगट होते आणि सर्वांत वरचा ९२ किलोवरील, म्हणजे वर उघडा. महिलांसाठी सहा गट आणि सर्वांत वरचा ७५ किलोचा, म्हणजे वर बंद. थोराड पुरुषाला ऑलिम्पिकचं दार उघडं होतं. थोराड मुलीने मात्र एक तर अंग झिजवून ७५ च्या आत यायचं, नाही तर घरी बसायचं, असंच होतं. मला हे वाचून आमच्या वर्गातलं ते बाक आठवलं. 'हिच्याशी कोण खेळणार' म्हणून तिथल्या मुली पांगल्या होत्या. ऑलिम्पिकच्या यादीनेही ८१ किलोवरच्या मुलींना निराळं काय सांगितलं?

तिच्या अम्मीला मी काय सांगितलं

त्या माऊलीला मी हे सगळं सांगितलं नाही. चार गोष्टी सांगितल्या, त्या इतर आई-वडिलांच्याही उपयोगी पडतील.

पहिली, प्रशिक्षकाचं नाव किती मोठं हे विचारू नका. सरावाला जोड कशी लावता ते विचारा. वजन, वय आणि शिकण्याची वर्षं या तिन्ही गोष्टी पाहतो का? मुलगी मोठी दिसते म्हणून तिला थेट जाणत्या खेळाडूसमोर उभी करणारा आणि 'ही सोसेल' म्हणणारा माणूस टाळा. अंगाने मोठी असली तरी ती तेरा वर्षांची आहे.

दुसरी, थांबवायचं कोणी, ते आधी ठरवा. डोक्याला लागलं, चक्कर आली, उलटी झाली, तर त्या दिवशी सराव बंद आणि आधी डॉक्टर. ही गोष्ट मुलीच्या मर्जीवर सोडू नका. अलीसुद्धा स्वतःहून थांबला नाही, त्याला डंडी लागला. मुलीचा डंडी आई-बाप असतात.

तिसरी, कपड्यांची चिंता नको. आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध संघटनेने २०१९ मध्ये हिजाब आणि पूर्ण अंग झाकणाऱ्या पोशाखाला मुभा दिली आहे. महिलांच्या लढतीत डोक्याला संरक्षक टोपही असतो.

चौथी गोष्ट तिच्या दुसऱ्या प्रश्नाची. "ताई," मी म्हटलं, "हिनं कोणाला मारलं तर, ही भीती तुम्हाला वाटते यातच अर्धं उत्तर आहे. ज्या घरात ही भीती आहे त्या घरातली पोरगी दुबळ्यावर हात टाकणार नाही."

त्या काही बोलल्या नाहीत. ओढणीच्या टोकाने चेहरा पुसला आणि गेल्या.

पुढे काय झालं, तेही सांगते. मुलगी सध्या पहाटे धावते, दोरीच्या उड्या मारते. रिंगणात उतरायचं की नाही, हे तिच्या घरच्यांनी आलिमांना विचारून ठरवायचं आहे आणि अजून ठरलेलं नाही. पण शाळेत एक बदल झाला. मी पंजा लढवण्याचा खेळ बंद केला नाही. फक्त जोड लावण्याचं काम त्या मुलीकडे दिलं. आता मधल्या सुट्टीत ती सगळ्यांचे मनगट, दंड चाचपून बघते, "तू हिच्याशी, तू तिच्याशी" असं सांगते आणि कोणाचा कोपर उचलला गेला तर लगेच हात मध्ये घालून थांबवते. परवा सहावीची एक काडीपैलवान हट्टाला पेटली, मला तुझ्याशीच लढायचंय. तिने तिला समोर बसवलं. पंजा बराच वेळ मध्यावर थरथरत राहिला. मग तिने हळूच त्या पोरीचा हात बाकाला टेकवला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी ये. जोड होईल."